मामांची दाढी

वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी दाढी करावयास शिकलो.

हे वाचून दांडिया बाजारातील आमची मित्रमंडळी हसतील, हे मला ठाऊक आहे. चाळीस-बेचाळीस वर्षे हा गृहस्थ रोज सकाळी आरशापुढे उभा राहून करीत तरी काय होता, असे ते विचारतील. प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर मी केवळ तोंडावरचे केस काढीत होतो. डबा दाबावा, फसफसून फेस निघावा, तो गालावर थापावा आणि पाच पात्यांचे प्लास्टिकचे अवजार अर्धवट झोपेत फिरवावे. चहा निवायच्या आत काम आटोपलेले असे. लक्ष देऊन करावयाची दाढी मी शिकलो ती गोव्यात, पेडण्याला, माझ्या आजोळी. आणि खरे म्हणजे ती स्वतःसाठी शिकलो नाही.

गेल्या श्रावणाच्या मध्यावर वहिनींचा, म्हणजे मामेभावाच्या पत्नीचा, फोन आला. "भावोजी, चवथीला येणारच आहात, तर पंधरा दिवस आधी या. मामंजींनी दाढी वाढवली आहे."

बाहेरच्या माणसाला यात फोन करण्याजोगे काही वाटणार नाही. पण आमचे मामा म्हणजे पहाटे उठून, दाढी-आंघोळ आटोपून, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात ओसरीवर बसलेले. त्यांचा गाल कधी खरखरीत असल्याचे मी लहानपणापासून पाहिलेले नाही. मराठी शाळेत त्यांची हयात गेली. आता वय अठ्ठ्याऐंशी. गेल्या वर्षापासून उजव्या हाताला कंपवाताने धरले. चहाची बशी हातात वाजू लागली, ते त्यांनी सोसले. मग दोनदा हनुवटीवर खोलवर कापून घेतले. रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू असल्याने रक्त थांबता थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी पात्याला हात लावावयाची मनाई केली. मामेभावाने विजेवर चालणारे यंत्र आणून दिले. ते त्यांनी एकदा कानाशी धरून ऐकले आणि खोक्यात परत ठेवले. बाजारातून एका कारागिराला घरी बोलावले. त्याला चहा पाजून, पैसे देऊन, मामांनी आल्या पावली परत पाठवले. गालाला हात लावू दिला नाही.

घरात सुतक नाही, कसले व्रत नाही, आणि घरचा कर्ता पुरुष दाढी वाढवून बसलेला! त्यात मामांनी जाहीर केले, "असल्या तोंडाने मी गणपतीपुढे बसणार नाही. यंदाची पूजा तुम्ही करा." गोव्यातील हिंदू घरात चवथ म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वहिनींच्या आवाजातला कंप समजेल. साठ वर्षे ज्यांनी ती पूजा केली, त्यांनी ती सोडणे म्हणजे पुष्कळच काही सोडणे होते.

मी कोकण रेल्वेने थिवीला उतरलो, कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्याला पोचलो. मोपाच्या पठारावर २०२२ साली विमानतळ झाला तेव्हापासून या बाजूला विमानांची घरघर ऐकू येते, पण मामांच्या घराच्या मागल्या दारी अजून माडांचीच सळसळ. मामा ओसरीवर होते. पांढरे खुंट वाढून चेहरा आजाऱ्यासारखा दिसत होता. मी नमस्कार केला आणि धीर करून म्हणालो, "मामा, मी करू का तुमची दाढी?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिले. "तू आधी आपले तोंड बघ. डाव्या कानाखाली रान राहिले आहे." मग आत जाऊन एक गंजका पत्र्याचा डबा घेऊन आले. "ह्याने स्वतःची दाढी कर. आठ दिवस. न कापता. मग बघू."

डब्यात त्यांचा सेफ्टी रेझर होता. दांडी, पाते बसवावयाची खालची पट्टी आणि वरचे टोपण, असे तीनच तुकडे. त्यावर इंग्लंडमध्ये केल्याचा शिक्का. त्याची हकीकत मामांकडून पूर्वी ऐकलेली होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्याच्याच सीमेवर, पात्रादेवीला, निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर सीमा बंद झाली. हिंदुस्थानातून येणारा माल थांबला आणि गोव्याच्या दुकानांत युरोपातून जहाजाने येणारा माल दिसू लागला. त्या दिवसांत विशी ओलांडलेल्या मामांनी म्हापशाच्या एका दुकानातून हे यंत्र आपल्या पहिल्या कमाईतून घेतले. घरात तांदळाची ओढ असताना पोराने दाढीचे विलायती सामान आणले, म्हणून आजोबांनी चार शब्द सुनावले होते म्हणे. का आणले, ते मामांनी तेव्हा सांगितले नाही, आणि पुढेही नाही.

या यंत्राचा जनक किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकेतला फिरता विक्रेता. बाटल्यांची बुचे विकता विकता त्याला एका वडीलधाऱ्याने सल्ला दिला की, लोक वापरतील, टाकतील आणि पुन्हा घ्यावयास येतील असे काहीतरी शोधून काढ. १८९५ साली एके दिवशी वस्तऱ्याची धार गेलेली पाहून त्याला सुचले की, धार हवी ती फक्त कडेला. मग मागचे सगळे जाड पोलाद कशाला? पत्र्यासारखे पातळ पाते करावे आणि बोथट झाले की टाकावे. इतक्या पातळ पोलादाला पाणी देता यावयाचे नाही, असे जाणत्यांचे मत होते. विल्यम निकर्सन या यंत्रज्ञाने ते साधले. १९०३ साली माल बाजारात आला तेव्हा वर्षभरात खपली ५१ यंत्रे आणि १६८ पाती. पुढच्याच वर्षी यंत्रांचा खप नव्वद हजारांवर गेला, आणि १९०४ च्या नोव्हेंबरात त्याला एकाधिकार मिळाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात हे यंत्र गेले आणि सैनिक परतले ते घरच्या घरी दाढी करण्याची सवय घेऊन. न्हाव्याच्या दुकानातून दाढी घरातल्या मोरीत आली ती अशी.

पात्याच्या पोटातल्या खाचा मात्र पुढे अशा ठरून गेल्या की, कोणाचेही पाते कोणाच्याही यंत्रात बसावे. मामांनी त्या एका दांडीवर किती पाती फिरवली! आधी इंग्रजी. १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, त्यानंतर आपल्याकडची पनामा आणि टोपाझ. पुढे ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्समध्ये होणारे सुपरमॅक्स. राज्य बदलले, चलन बदलले, पाते बदलले. दांडी तीच राहिली.

आता माझी फजिती सांगतो. पहिल्या सकाळी मी रोजच्या सवयीने यंत्र गालावर दाबले आणि खाली ओढले. तीन ठिकाणी रक्त आले. दुसऱ्या दिवशी घाबरून इतका हलका हात ठेवला की, अर्धी दाढी जागच्या जागी. तिसऱ्या दिवशी ईर्षेने उलटा हात मारला आणि गळ्याभोवती लाल पुरळ उठले. मी तुरटीचा खडा फिरवीत, डोळ्यांत पाणी आणून ओसरीवर आलो की मामा वर्तमानपत्राआडून एकच शब्द बोलत. आमच्याशी ते मराठीत बोलत, पण टोमणा मारावयाचा तो पेडण्याच्या बोलीत. तो शब्द मी येथे छापीत नाही.

चौथ्या दिवशी वहिनींना माझी दया आली. "भावोजी, मामंजींचे केस चाळीस वर्षे कापायचे ते काका आता डिचोलीला मुलाकडे असतात. त्यांना जाऊन भेटा." म्हापशाला बस बदलून मी डिचोली गाठली. एके काळी खाणींच्या ट्रकांनी लाल झालेला हा गाव. समयांच्या ओतकामासाठी आणि कुंभारकामासाठी त्याचे नाव आहे. काकांचे घर शोधून काढले. वय ब्याऐंशी, नजर अधू, पण हाताची बोटे अजून लांबसडक आणि स्थिर. दारात रांगोळी होती आणि आत तसबिरीला ताजा हार.

"आज वस्तरा धरायचा नाही, बाबा," ते म्हणाले. "आज सेना महाराजांची पुण्यतिथी."

श्रावण वद्य द्वादशी! मी तिथी विसरलोच होतो. संत सेना न्हावी यांची कथा आपल्या घराघरांतून सांगितली जाते. सेना महाराज पूजेत रमले, राजाचे बोलावणे राहून गेले, तेव्हा भक्ताचे काम अडू नये म्हणून प्रत्यक्ष विठ्ठल धोकटी काखेत मारून राजवाड्यात गेला आणि राजाला तेलाच्या वाटीत चतुर्भुज रूप दिसले. कथा म्हणून ती ऐकताना आपण देवाकडे पाहतो. त्या दिवशी मी प्रथमच त्या कामाकडे पाहिले. देवाला जे काम हाती घ्यावेसे वाटले, त्या कामाला आपण गावाच्या पायरीवर कोठे बसवले होते?

वस्तरा नाही म्हणून शिकवणे थांबले नाही. काकांनी सुनेकडून एक मडके आणि एक चमचा मागवला. "आम्ही मडक्यावर शिकलो. साबण लावायचा आणि मडक्याला चरा न पडता फेस काढायचा. महिनाभर बापाने माणसाला हात लावू दिला नाही."

त्यांनी सांगितले ते मी घरी येऊन वहीत उतरवले. केस आधी भिजला पाहिजे. ऊन पाण्याचा पंचा दोन-तीन मिनिटे तोंडावर धरावा. भिजलेला केस मऊ पडतो आणि पाते अडत नाही. ब्रश भिजवून पाणी निथळू द्यावे, मग साबणावर घोटावा आणि पाणी थेंबाथेंबाने घालावे. फेसात मोठे बुडबुडे दिसले तर तो वाऱ्याचा फेस; चांगला फेस चक्क्याला साखर लागून श्रीखंड होऊ लागते तसा दाट आणि तुकतुकीत. दाढीचे केस सगळीकडे एकाच दिशेने उगवत नाहीत. कोरड्या गालावर तळवा फिरवावा. गुळगुळीत लागेल ती सुलट, खरखरीत लागेल ती उलट. गळ्यावर तर दोन बोटांच्या अंतरावर दिशा बदलते. पहिला हात सुलटाच मारावा, मग पुन्हा फेस लावून आडवा. उलट्या हाताच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये. यंत्राचे टोपण गालावर सपाट टेकवावे आणि दांडी हळूहळू खाली आणावी. पाते जेथे केसाला लागल्याचा बारीक आवाज येतो, तेथे थांबावे. तोच कोन शेवटपर्यंत. हात लहान लहान, बोटभर लांबीचे. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरावी.

"आणि जोर?" मी विचारले. त्यांनी चमच्याची कड माझ्या गालावर टेकवून खाली आणली. मला स्पर्श जेमतेम कळला. माशी चालावी तसा. "एवढाच. तुमचे यंत्र जड आहे. त्याचे वजनच पुरे. दाबतो तो घाबरलेला माणूस."

निघताना मी सहज म्हणालो, "मामांना दुसऱ्याच्या हातची दाढी नकोच का, ते मात्र कळत नाही. तुमच्याकडूनही ते केसच कापून घेत."

"मानेवरची लव काढायलासुद्धा मला वस्तरा लावू दिला नाही त्यांनी. चाळीस वर्षे कात्रीच." काका थोडा वेळ गप्प राहिले. "तुमच्या मामांची आजी. लाल आलवणातली. माझा बाप महिन्यातून एकदा त्या घरी मागल्या दाराने जायचा. तुमचे मामा सात-आठ वर्षांचे. माडाच्या आडून बघायचे. आजीला कोणी विचारत नसे. ती येऊन बसायची, मान खाली घालायची. बाप त्या दिवशी घरी येऊन जेवत नसे."

मला बोलता येईना. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरली होती आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे त्या कष्टकरी माणसांनी ठरवले होते, हे मी वाचलेले आहे. शिकल्यासवरल्या घरांना जे सुचले नाही ते वस्तरा हातात असलेल्यांनी करून दाखवले, असे मी भाषणातही सांगितलेले आहे. पण ती सभा भरून पन्नास वर्षे लोटल्यावरही आमच्याच आजोळच्या मागल्या दारी एक बाई मान खाली घालून बसत होती, आणि एक मुलगा ते पाहत होता, हे मला कोणी सांगितले नव्हते. सेफ्टी रेझर का आणला, हे मामांनी आजोबांना का सांगितले नसेल, ते मला त्या अंगणात कळले.

"मग मी काय करू?" मी विचारले.

"विचारून हात लावा," काका म्हणाले. "दर वेळी विचारा."

पेडण्याला परतलो तो चवथीला सातच दिवस होते. मी रोज पहाटे उठून शिकू लागलो. अमावास्येच्या दिवशी वहिनींनी आरसाच लपवून ठेवला, तो एक दिवस गेला. दोन दिवस हनुवटीच्या वळणाने छळले. पाचव्या दिवशी पाते चालण्याचा तो बारीक, कोरड्या पानावर पाऊस पडावा तसा आवाज नीट ऐकू आला. सहाव्या दिवशी मी ओसरीवर आलो तेव्हा मामांनी वर्तमानपत्र खाली ठेवले, आपला कापरा हात पुढे करून माझ्या गालावरून, हनुवटीवरून, गळ्यावरून फिरवला. आंधळा माणूस फिरवतो तसा. म्हणाले, "उद्या सकाळी."

दुसऱ्या दिवशी हरताळिका. ओसरीवर उजेडाकडे तोंड करून खुर्ची ठेवली. नवे पाते घातले. ऊन पाण्याचा पंचा त्यांच्या तोंडावर धरला. म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल आणि पातळ. चार दिवसांचे नव्हे, महिन्याचे केस. आधी कात्रीने वरचे रान उतरवले, मग फेस लावला. यंत्र हातात घेतले आणि म्हणालो, "मामा, उजव्या गालाला हात लावू?"

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. हा प्रश्न कोठून आला, ते त्यांना समजले असावे. पण ते एवढेच म्हणाले, "हं."

उजवा गाल झाला. विचारून डावा झाला. ओठांवरचा भाग त्यांनी स्वतः ओठ ताणून धरून करू दिला. मग मी म्हणालो, "आता मान वर करावी लागेल. करता का?" तेथे ते थांबले. त्यांचा उजवा हात वर आला आणि दोन बोटांनी त्यांनी दांडीचे टोक धरले. त्यांच्या बोटांचा कंप यंत्रात उतरला, माझ्या मनगटापर्यंत आला. मी हात तसाच हवेत ठेवला. आतून वहिनींचा माटोळीची फळे मांडण्याचा आवाज येत होता, तोही थांबला. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मग मामांनी दांडी सोडली, हात मांडीवर ठेवला आणि मान वर केली.

गळ्यावर मी तीन वेळा फेस लावला आणि तीन वेळा विचारले. रक्ताचा एक थेंब आला नाही. गार पाणी, तुरटी, पंचा. वहिनींनी आरसा आणून धरला. मामांनी आरशात पाहिलेच नाही, तळव्याने गाल चाचपले, जबड्याखाली बोट थांबवले आणि पेडण्याच्या बोलीत म्हणाले, "हय एक केस रवलो."

तो मी काढला.

दुसऱ्या दिवशी मामा पूजेला बसले. पळीतले पाणी कापऱ्या हातातून पाटावर सांडत होते. त्याकडे कोणी पाहिले नाही, त्यांनीही पाहिले नाही.

पाच दिवसांनी विसर्जन झाल्यावर मी निघालो. निघण्यापूर्वी मामेभावाला बसवून शिकवले. आधी मडके आणि चमचा दिला. तो हसला, पण शिकला. काकांचे शेवटचे वाक्यही त्याला सांगितले. त्यामागची हकीकत आपल्याला ठाऊक असल्याचे त्याने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही.

येथे बडोद्याला आल्यावर मांडवीच्या बाजूला हिंडून मी एक साधे तीन तुकड्यांचे यंत्र आणि पात्यांची पाकिटे आणली. सकाळी आता मला पंधरा मिनिटे लागतात. चहा निवतो, हे खरे. आठवड्यातून एकदा वहिनींचा फोन येतो आणि त्यात दाढीचे वर्तमान असतेच: आज दोन केस राहिले, काल एक राहिला. परवाचा फोन मात्र निराळा होता. वहिनी आवाज हलका करून म्हणाल्या, "भावोजी, आज एकही राहिला नाही. पण हे तुम्हाला कळवायचे नाही, अशी मामंजींची ताकीद आहे."